स्नेह, मोह आणि अभ्यास

घरातील वडीलधाऱ्यास पक्षाघाताचा झटका येऊन उजवा हात लुळा पडला, की पत्नी घास भरविते, मुलगा सदऱ्याच्या गुंड्या लावतो, सून पाण्याचे भांडे ओठांशी धरते. हे सारे प्रेमानेच घडते. तथापि या प्रेमाने रुग्णाचे हित होते की अहित, हा गृहस्थधर्माचा प्रश्न आहे.

पक्षाघातात आघात होतो तो मेंदूवर. हाताला आज्ञा देणारा भाग दुखावतो. उरलेला मेंदू ते कार्य काही अंशी शिकतो, परंतु पुन्हा पुन्हा केलेल्या कृतीनेच. आरंभीच्या अपयशामुळे हात न वापरण्याचीच सवय जडते, असा सिद्धान्त अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टाउब यांनी मांडला व चांगला हात बांधून दुर्बळ हाताकडून काम करविण्याची पद्धती योजिली. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या, 222 रुग्णांवरील चाचणीत दोन आठवड्यांच्या अशा अभ्यासाचा लाभ वर्षभरानंतरही टिकलेला आढळला. मात्र त्या रुग्णांच्या मनगटात व बोटांत थोडी तरी हालचाल शिल्लक होती.

चंदीगडच्या सेक्टर 30 मध्ये केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना आहे. 1959 साली स्थापन झालेली ही संस्था 1962 मध्ये दिल्लीहून तेथे आली. उपकरणांचे साहाय्य मोठेच. यंत्र बोटांचे बळ मोजील, प्रसंगी हात हलवीलही. पण ‘मी उचलीन’ हा संकल्प ते करू शकत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत. त्यांत साधन हे एक. कर्ता व त्याची चेष्टा ही निराळी. आणि शेवटी दैव.

सहाव्या अध्यायात मनोनिग्रहासाठी भगवंतांनी अभ्यास व वैराग्य यांची जोडी सांगितली. हाताच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो. रुग्णाने आजची वाटी उचलावी. कालच्याशी तुलना करून खचू नये. काही हात पूर्ववत होत नाहीत. तेथे दैवाचा भाग मानावा, पण प्रयत्नाआधी नव्हे.

अधिक कठीण वैराग्य आप्तांचे आहे. घास सांडताना पाहूनही हात पुढे न करणे जड जाते. रणांगणावर अर्जुनालाही करुणाच वाटली होती. भगवंतांनी तिच्यातील मोह दाखविला. म्हणून वैद्यांच्या सल्ल्याने, पडण्या-भाजण्याचे भय टाळून, रुग्णास जे थोडे साधते ते त्यालाच करू द्यावे. जे मुळीच साधत नाही, तेवढेच आपण करावे. त्याचे काम झटपट उरकून देणे ही सोय आहे. त्याच्याजवळ स्वस्थ बसून वाट पाहणे, ही सेवा आहे.