माळवद की कौले?

लातूर व नांदेडकडील खेड्यांतून वचन सांगणाऱ्या बंधूंस कोणी ना कोणी विचारतोच की, प्रभू एक, तर चार शुभवर्तमानांत फरक का? अशा वेळी कित्येक जण ओशाळतात व 'फरक मुळीच नाही' असे सांगून सुटका करून घेतात. हे उचित आहे काय, याचा आज विचार करू.

कफर्णहूम येथील पक्षघाती मनुष्याचा वृत्तांत घ्या. मार्क सांगतो की, दाटीमुळे वाट मिळेना म्हणून चौघांनी छप्पर उकरून त्याची खाट खाली सोडली. आमच्या वाचकांस हे समजावून सांगणे नको. १९९३ सालच्या भूकंपापूर्वी लातूरकडील गावोगाव जाड मातीची माळवदे होती. गालीलातील घरेही बहुधा मातीच्याच छपरांची असत. लूक मात्र 'कौलांतून' असे म्हणतो. आणि मत्तय तर छपराचे नावच घेत नाही.

आपल्यापूर्वी पुष्कळांनी लिहिले आहे, असे लूक आरंभीच सांगतो. त्यांत मार्काचे लिखाण त्याच्यापुढे होते, असे बहुतेक विद्वानांचे मत आहे. मग त्याने जाणूनबुजून असत्य लिहिले काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्याच्या वाचकांच्या नगरांत कौलारू घरे परिचित होती. त्यांस दृश्य दिसावे म्हणून त्याने त्यांच्या ओळखीचे छप्पर घातले. परंतु पापक्षमेचा शब्द, शास्त्र्यांचा आक्षेप व त्या मनुष्याचे उठून घरी जाणे, ही तिघांतही आहेत. वृत्तांताचा भार कोठे आहे, हे तिन्ही ताडून पाहिल्यानेच कळते.

फरक मिटविण्याचा यत्न पूर्वीही झाला. सुमारे १७० साली ताशियनाने चारही शुभवर्तमाने गुंफून एकच ग्रंथ केला. सुरिया देशातील मंडळ्यांत तो पुष्कळ काळ चालला. परंतु त्यात प्रभूच्या वंशावळ्या गाळल्या होत्या. पाचव्या शतकात बिशप थिओडोरेट याने आपल्या प्रांतातून त्याच्या दोनशेहून अधिक प्रती काढून घेतल्या व त्यांच्या जागी चार शुभवर्तमाने ठेविली. एक करू गेले की काही हरवते.

सर्वच फरक इतके सुलभ नाहीत. मंदिराच्या शुद्धीकरणाची गोष्ट योहान आरंभी सांगतो, इतर तिघे शेवटी. तेथे घाईने उत्तर देऊ नये. 'मी अद्याप शोधीत आहे' असे म्हणण्यात लाज नाही. लाज लपविण्यात आहे. आज मंडळीतील लहान मूलही वाचू शकते. आपण झाकलेले पान ते उद्या स्वतः उघडील, आणि मग त्याचा संशय लूकावर नव्हे, आपणांवर येईल.

म्हणून एखाद्या सायंकाळी मार्काचा दुसरा, लूकाचा पाचवा व मत्तयाचा नववा अध्याय शेजारी शेजारी ठेवून मंडळीत मोठ्याने वाचावे, आणि प्रश्न विचारणाऱ्यास पुढे बसवावे.