आपला म्हणून वाचावा का?

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम टोकाला ब्रोकन हिल नावाचे खाणींचे गाव आहे. तिथे पत्र्याची एक छोटी मशीद उभी आहे. एकोणिसाव्या शतकात अफगाणिस्तान, बलुचिस्तान, सिंध, पंजाब इकडून उंट घेऊन गेलेल्या माणसांनी ती बांधली. त्या मशिदीत एक जाडजूड जुने पुस्तक होते आणि त्यावर ‘कुरआन’ अशी चिठ्ठी होती. वर्षानुवर्षे कुणाला शंका आली नाही. समिया खातून या इतिहास-संशोधक बाईंनी ते उघडले, तर आत बंगाली लिपी! ती कोलकात्यात छापलेली ‘कसासोल अंबिया’ ही पोथी होती. नबींच्या कथा, चार जणांत बसून मोठ्याने म्हणण्यासाठी रचलेल्या. खातूनबाईंनी पुढे २०१८ साली ‘ऑस्ट्रेलियनामा’ हा ग्रंथ लिहिला, त्याचा उगम या पोथीत आहे.

चिठ्ठी चिकटवणाऱ्याने आदरानेच चिकटवली असणार, यात आम्हाला संशय नाही. पण पुस्तक कुणी उघडले नव्हते. आदर केला की उघडण्याची गरज वाटत नाही, ही गोष्ट आम्हाला फार दिवस छळते आहे. आपल्या माणसाचे पुस्तक आपण उचलून धरतो तेव्हा नेमके काय करतो? वाचतो, की चिठ्ठी लावतो?

या प्रश्नावर ऑस्ट्रेलियन लोकांनी जेवढा काथ्याकूट केला तेवढा क्वचितच कुणी केला असेल. १९५० साली ए. ए. फिलिप्स यांनी ‘मीन्जिन’ नियतकालिकात एक लेख लिहून आपल्या समाजाच्या वाङ्मयीन न्यूनगंडाला नावच देऊन टाकले. ऑस्ट्रेलियन वाचक स्वदेशी पुस्तक वाचताना मनातल्या मनात एका सुसंस्कृत इंग्रजाला शेजारी बसवतो आणि त्याला काय वाटेल याचाच विचार करतो, असे त्यांचे म्हणणे. (आमच्या मनात कोण बसलेले असते हे ज्याने त्याने तपासावे. उर्दू शाळेत शिकवून मराठीत लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांच्या शेजारी तर दोघेदोघे बसतात.) मात्र फिलिप्स तिथेच थांबले नाहीत. आमचे तेच सर्वोत्तम म्हणून छाती बडवणारा हाही त्याच न्यूनगंडाचा उलटा केलेला अंगरखा घालून फिरतो, हे त्यांनी बजावले.

माइल्स फ्रँकलिन या लेखिकेची पहिली कादंबरी १९०१ साली छापली गेली ती स्कॉटलंडच्या प्रकाशकाकडून, आणि ‘माइल्स’ हे पुरुषी वाटणारे नाव घेऊन. १९५४ मध्ये त्या वारल्या तेव्हा मृत्युपत्रात देशी साहित्यासाठी पारितोषिक ठेवून गेल्या. १९५७ चे पहिले पारितोषिक पॅट्रिक व्हाइट यांच्या ‘व्हॉस’ला मिळाले. अट अशी की कृती उच्च दर्जाची हवी आणि तीत ऑस्ट्रेलियन जीवन दिसायला हवे. याच अटीने १९९४ साली फ्रँक मूरहाउस यांची ‘ग्रँड डेज’ बाद झाली. तिची नायिका ऑस्ट्रेलियन होती, पण कथा घडत होती जिनिव्हात, राष्ट्रसंघाच्या कचेरीत. आपलेपणाची मोजपट्टी हातात आली की ती कुठे आखूड पडेल, सांगता येत नाही.

आणि लगेच पुढच्याच वर्षी ती नको तितकी लांब पडली. १९९५ चा मान हेलन डेमिडेंको या तरुण लेखिकेच्या ‘द हँड दॅट साइन्ड द पेपर’ला गेला. नाझींच्या अत्याचारात सामील झालेल्या युक्रेनी माणसांची ही कथा. लेखिका स्वतःला युक्रेनी वंशाची म्हणवत होती. ऑगस्टमध्ये उघड झाले की तिचे खरे नाव हेलन डार्व्हिल आणि आईवडील ब्रिटनमधून आलेले. गदारोळ झाला, तो व्हायलाच हवा होता. पण एक अवघड प्रश्न उरतोच. पुस्तकातला एक शब्दही बदलला नव्हता. मग कालपर्यंत लोक वाचत काय होते, पुस्तक की आडनाव?

यावर कुणी म्हणेल, मग आपले-परके सोडा, केवळ गुणवत्ता पाहा. इतके सोपे नाही. वानयी या मूळनिवासी समाजाच्या अलेक्सिस राइट यांची ‘कार्पेन्टेरिया’ बड्या प्रकाशकांनी नाकारली. जिरामोंडो या छोट्या संस्थेने ती २००६ मध्ये काढली आणि २००७ चे माइल्स फ्रँकलिन पारितोषिक तिलाच मिळाले. गुणवत्तेचा तराजू धरणारे हात नाकारणाऱ्यांकडेही होतेच की! ज्यांचे कुणी उघडूनच पाहिले नाही त्यांना तराजूपर्यंत आणायला कुणीतरी आपले माणूस लागते.

बेहरूझ बूचानी या कुर्द पत्रकाराला तर ऑस्ट्रेलियाने मानुस बेटावर अडकवून ठेवले. त्याने फारसीतून व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्यातुकड्यांनी पुस्तक पाठवले, उमीद तोफिगियान यांनी त्याचे इंग्रजी केले, आणि २०१९ च्या जानेवारीत ‘नो फ्रेंड बट द माउंटन्स’ला व्हिक्टोरिया राज्याचे सर्वोच्च साहित्य पारितोषिक मिळाले. नागरिक किंवा कायम रहिवासी असण्याची अट त्याच्यासाठी शिथिल केली गेली. इथे आधी पुस्तक वाचले गेले, मग माणूस आपला ठरला. हा क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

मेना अब्दुल्ला यांच्याकडे आम्ही मात्र उलट्या क्रमाने गेलो, हे कबूल करतो. पंजाबी मुसलमान घरातली, न्यू साउथ वेल्समध्ये जन्मलेली बाई, आणि १९६५ साली रे मॅथ्यू यांच्या सोबतीने ‘द टाइम ऑफ द पीकॉक’ हा कथासंग्रह! केवळ नावामुळे हात पुढे गेला. त्यात काही गैर नाही असे आमचे मत आहे. आपलेपणा हे पुस्तक उघडण्याचे उत्तम कारण आहे, पण ते चांगले आहे असे सांगण्याचे कारण नव्हे. शिफारस ही गवाही आहे. न पाहिलेल्याची गवाही देऊ नये, हे आम्ही वर्गात मुलांना शिकवतो.

आणि स्वतः काय केले? काही वर्षांपूर्वी आमच्यातल्याच एका लेखकाचा कवितासंग्रह आला. प्रकाशनाला आम्ही बोललो. न वाचता बोललो. आधीच आपल्यातले लिहिणारे थोडे, त्यात आपणच खोट काढायची काय, असा विचार. शाळेच्या वाचनालयासाठी प्रती घेतल्या, आत ‘अवश्य वाचावे’ अशी चिठ्ठी आमच्या हस्ताक्षरात लावली. नववीतल्या एका मुलीने, तिचे मराठी चांगले, तो संग्रह चार दिवसांत परत आणला आणि विचारले, “सर, आपने खुद पढ़ी है?” आम्ही हो म्हणालो. ती काही बोलली नाही. त्यानंतर तिने आमच्याकडे कधी पुस्तक मागितले नाही. कपाटातून स्वतःच शोधून नेऊ लागली.

त्या रात्री संग्रह वाचला. दोन कविता खरोखर चांगल्या होत्या, बाकीच्या नव्हत्या. त्या दोन कवितांबद्दल प्रकाशनाच्या दिवशी बोललो असतो तर कवीलाही कळले असते की कुणीतरी वाचले आहे. आता ते अधूनमधून भेटतात, सलाम होतो, संग्रहाचा विषय दोघेही काढत नाही. प्रती कपाटात आहेत. चिठ्ठी अजून काढलेली नाही.