केरवारे: नित्य, नैमित्तिक की काम्य?

पूर्वमीमांसेने विहित कर्माचे तीन वर्ग मानले. संध्या, अग्निहोत्र ही नित्य कर्मे. ग्रहणातले स्नान नैमित्तिक. पाऊस पडावा म्हणून करायची कारीरी इष्टी काम्य. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त (1915) ही वाटणी मराठी वाचकापुढे ठेवली, ती कर्मयोगाच्या चर्चेची पायरी म्हणून. मीमांसेचे सूत्रकार जैमिनी यांच्या डोळ्यांपुढे यज्ञशाळा होती, स्वयंपाकघर नव्हे. तरीही घर स्वच्छ राखण्याच्या निरनिराळ्या रीती या चौकटीत बसवून पाहिल्या, तर घरोघरी त्यावरून होणारी धुसफूस नेमकी कशाबद्दल असते ते उलगडते. रोज थोडे आवरणारा आणि पाहुणे यायच्या आदल्या दिवशी घर डोक्यावर घेणारा, हे दोघे एकच काम कमीअधिक करतात असे नाही. त्यांचे कर्मच वेगळ्या जातीचे आहे.

हा प्रश्न अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडमध्ये विशेष टोकदार होतो. मायक्रोसॉफ्टचे मुख्यालय 1986 मध्ये तिथे आले आणि संगणकक्षेत्रातल्या नोकऱ्यांमागोमाग मराठी कुटुंबेही या परिसरात स्थिरावली. केर-फरशीला रोज येणारी बाई तिथे नाही, आणि बहुतेक घरांत नवराबायको दोघेही नोकरीवर. ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत पावसाची रिपरिप चालू असते. बुटांच्या तळाला चिकटून देवदारांच्या ओल्या सुया दारापर्यंत येतात आणि खिडकीच्या चौकटीत काळी बुरशी धरते. खोल्यांना भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट. न्हाणीघरात टबाबाहेर पाणी जायला वाट नसते. बादलीभर पाणी ओतून खराट्याने फरशी घासावी म्हटले, तर पाणी लाकडी जमिनीत मुरायचे. पाण्याने शुद्धी होते हा सोवळ्याचा पाया, आणि इथे पाणी हाच घराचा शत्रू. दिवेलागणीनंतर केर काढू नये, लक्ष्मी बाहेर जाते, हा आजीचा दंडकही या अक्षांशावर अडखळतो. डिसेंबरात सूर्य साडेचारच्या आत मावळतो आणि जूनमध्ये रात्री नऊनंतर. नियम अक्षरशः पाळायचा तर नोकरदाराने हिवाळाभर आठवड्याच्या दिवसांत केरसुणीला हातच लावायला नको.

नित्यकर्माचे लक्षण असे सांगतात की ते केल्याने खास फळ मिळत नाही, पण न केल्यास प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो. रोजच्या केरवाऱ्याला याहून चपखल व्याख्या मिळणे कठीण. पुसलेला ओटा कोणाच्या नजरेत भरत नाही; न पुसलेला लगेच भरतो. या मतावर शंकराचार्यांनी घेतलेला आक्षेपही इथे कामाचा आहे. न करणे हा अभाव आहे, आणि अभावातून दोषासारखी भावरूप वस्तू कशी उपजेल, असे ते गीताभाष्यात विचारतात. तैत्तिरीय उपनिषदावरच्या भाष्यात त्यांचे उत्तर असे की नित्यकर्म न घडणे हे पूर्वी साठलेल्या पापाचे चिन्ह आहे, नव्या पापाचे कारण नव्हे. घरापुरते बोलायचे तर आचार्यांची बाजू बळकट दिसते. आळस धूळ निर्माण करत नाही. धूळ हीटरच्या झरोक्यातून, कपड्यांच्या तंतूंतून, फोडणीच्या तेलकट वाफेतून आपल्या गतीने येतच असते. न झाडणे फक्त ती आधीच आलेली होती एवढे दाखवते. आठवडाभर साचलेल्या घराकडे ‘तू काही केले नाहीस’ असा आरोप म्हणून पाहणे आणि साठ्याची खूण म्हणून पाहणे, यात संसाराच्या दृष्टीने बरेच अंतर आहे.

जैमिनिसूत्रांच्या सहाव्या अध्यायातला एक निर्णय याहूनही उपयोगी आहे. नित्यकर्म सगळ्या अंगांसह जमत नसेल तर जमेल तेवढ्या अंगांनी करावे, मुख्य कर्म झाले म्हणजे पुरे. काम्यकर्म मात्र सर्वांगी झाले तरच फळते. रोज रात्री भांडी मशीनमध्ये लावून ओटा पुसला आणि सोफ्याखालचे राहिले, तरी त्या दिवसाचे नित्य पार पडले. हळदीकुंकवाला किंवा सत्यनारायणाला पंचवीस माणसे बोलावली असताना मात्र असे अर्धे काम चालत नाही. तिथे फळाची इच्छा आहे, नीटनेटके म्हणवून घेण्याची, आणि पाहुण्यांच्या न्हाणीघरातला एक केस सगळ्या खटाटोपावर पाणी फिरवतो. बरीच भांडणे एकाने नित्याची आणि दुसऱ्याने काम्याची फूटपट्टी लावल्याने होतात. शनिवारी सकाळी सगळे घर एकदम काढणारे स्वतःला बेशिस्त समजतात, पण शास्त्राचा आधार त्यांनाही आहे. दर्शपूर्णमास इष्टी पंधरवड्यातून एकदाच होतात, तरी त्या नित्यच. नेमलेला काळ पाळला की झाले. गणपतीआधी जळमटे काढणे आणि दिवाळीला फडताळे रिकामी करणे हे नैमित्तिक. त्याबद्दल फारसे मतभेद नाहीत.

स्वच्छतेला पुण्य मानणाऱ्यांना मनुस्मृतीतली पंचसूनांची कल्पना चमत्कारिक वाटेल. सूना म्हणजे कत्तलीची जागा. गृहस्थाच्या घरात अशा पाच जागा सांगितल्या आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. झाडताना किडामुंगी मरते, म्हणून झाडणेही हिंसाच. तिचे परिमार्जन रोजच्या पंचमहायज्ञांनी होते. दिवाळीत लक्ष्मी म्हणून जिला हळदकुंकू वाहायचे, तीच केरसुणी इथे वधस्थानांच्या यादीत आहे. पतंजलीने शौच पहिला नियम म्हणून घातला खरा, पण त्याआधीच्या यमांत अहिंसा पहिली आहे. ओट्यावर मुंग्यांची रांग लागली की फवारा उचलायचा की साखरेचा डबा घट्ट लावायचा, हा रेडमंडमधल्या ओट्यावरचा प्रश्न जुनाच आहे. मनूच्या मांडणीत एक खोच मात्र राहून जाते. पंचमहायज्ञ करणारा पुरुष. आणि नवव्या अध्यायात घराची स्वच्छता व भांड्याकुंड्यांची देखरेख सोपवली आहे ती पत्नीकडे. केरसुणी एकीच्या हाती आणि प्रायश्चित्ताचा मान दुसऱ्याला. जनाबाईंच्या अभंगांनी हा हिशेब उलटवला: जनी झाडते आणि केर भरायला खुद्द विठ्ठल येतो.

काम दुसऱ्याकडून करून घेतले तर ते कोणाचे? मीमांसेत प्रतिनिधीची चर्चा सविस्तर आहे. द्रव्याला पर्याय चालतो. भात न मिळाल्यास नीवार, म्हणजे रानटी भात, घ्यावा. त्या न्यायाने केरसुणीच्या जागी व्हॅक्युम किंवा खोल्यांतून आपोआप फिरणारे यंत्र यायला हरकत नाही. यजमानाला मात्र प्रतिनिधी नाही. ऋत्विज दक्षिणा घेऊन अंगकर्मे करतात, फळ यजमानाचेच राहते. दर दोन आठवड्यांनी सफाईवाल्यांना बोलावणारे कुटुंब हेच करते, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

पण ऋत्विजाला यज्ञात मान होता. महाराष्ट्रात केरसुणी वळणाऱ्या मातंगांना आणि मैला उचलणाऱ्यांना तो कधी मिळाला नाही. उलट घर स्वच्छ राहावे म्हणून ज्यांनी राबायचे तेच अस्पृश्य ठरले. या व्यवस्थेचा आधारग्रंथ म्हणून मनुस्मृती 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जाळली गेली. गाडगे महाराज (1876–1956) दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांनी 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात मैला सफाईचे काम स्वतःसाठी मागितले. उच्च जातीच्या कैद्याला ते नाकारले गेले, तेव्हा त्यांनी अन्न कमी केले आणि येरवड्याहून गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास धरला.

रेडमंडजवळच्या सिअॅटलच्या नगरपरिषदेने फेब्रुवारी 2023 मध्ये जातीवरून भेदभाव करण्यावर बंदी घातली; असे करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. त्याआधी 2018 मध्ये तिथेच घरकाम करणाऱ्यांसाठी किमान वेतनाचा आणि विश्रांतीचा कायदा झाला आणि जुलै 2019 पासून तो लागू आहे. हे दोन्ही कायदे सिअॅटल शहरापुरते. लेक वॉशिंग्टनच्या पलीकडचे रेडमंड हे वेगळे शहर, त्यामुळे सफाईला येणाऱ्या बाईला दुपारी जेवायला अर्धा तास द्यायचा की नाही, हे तिथल्या यजमानाला सिअॅटलचा कायदा सांगत नाही.