आकड्याला घर नसते

29 एप्रिल 1916 रोजी मेसोपोटेमियातल्या कुट-अल-अमारा येथे जनरल टाउनशेंडच्या फौजेने तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली. जवळपास पाच महिने गावाला वेढा पडला होता. धान्य संपत आले होते आणि घोडे मारून खाण्याची पाळी आली होती. ही फौज म्हणजे सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात 103, 110 आणि 117 या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. त्याच वेढ्यात ऑस्ट्रेलियाच्या विमानदलाचे नऊ मेकॅनिकही पकडले गेले. 1915 मध्ये मेलबर्नहून निघून मुंबईमार्गे बसऱ्याला पोचलेल्या एका छोट्या तुकडीतली ही माणसे. कैदेतून त्यांच्यातले दोघेच जिवंत सुटले.

वेढा एक, उपासमार एक, कैदही एकच. स्मरण मात्र दोन तऱ्हांनी झाले. पहिल्या महायुद्धात गेलेल्या प्रत्येक ऑस्ट्रेलियन सैनिकाची कागदपत्रे त्यांच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने जपली आणि आज ती घरबसल्या वाचता येतात. भारतीय शिपायांच्या वाट्याला काय आले, ते बसऱ्याच्या युद्धस्मारकाने दाखवले. अधिकाऱ्यांची नावे दगडावर कोरली गेली, साध्या शिपायांचा पलटणवार आकडा तेवढा लिहिला गेला. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने हा भेदभाव 2021 मध्ये स्वतःच्या अहवालात कबूल केला आणि माफी मागितली.

हा प्रश्न मानापमानाचा आहेच, पण मला त्याहून मोठे नुकसान दिसते. नाव असले की गाव शोधता येते, गावावरून घर सापडते आणि घरात मागे राहिलेली माणसे दिसतात. आकड्याला आई नसते, बायको नसते, गहाण पडलेले शेत नसते. शिपायाचे नाव पुसले गेले तेव्हा त्याच्यामागे लढलेले घरही इतिहासातून पुसले गेले. महाराष्ट्राच्या युद्धस्मृतीतला हा मोठा खड्डा आहे, आणि तो आपण आजवर नीट पाहिलेलाही नाही.

सातारा जिल्ह्यातले आपशिंगे घ्या. मिलिटरी आपशिंगे म्हणूनच पंचक्रोशी त्याला ओळखते. पहिल्या महायुद्धात या एका गावाची 46 माणसे कामी आली, आणि त्याचा अभिमान गावाने पिढ्यान्‌पिढ्या जपला. युद्धानंतर इंग्रज सरकारने देशभर अनेक गावांत दगडी पाट्या बसवल्या. गावातून किती गेले आणि किती मेले, एवढेच त्यांच्यावर असते. गेलेल्यांमागे पेरणी कोणी केली, सावकाराचे व्याज कोणी फेडले, म्हाताऱ्यांना कोणी सांभाळले, हे विचारायला त्या पाटीवर जागाच नाही.

त्या घरांवर काय गुदरले असेल याचा अदमास मात्र बांधता येतो. शिपायाचा पगार महिना 11 रुपये होता. युद्धाच्या अखेरीस धान्य आणि कापड कडाडले. जून 1918 मध्ये इन्फ्लुएन्झाची साथ मुंबई बंदरात उतरली आणि रेल्वेने आत पसरली. देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. फ्रान्सच्या किंवा मेसोपोटेमियाच्या आघाडीवर नवऱ्याचे काय होणार, या धास्तीत असलेली बाई स्वतःच्या ओसरीवर तापाने मरू शकत होती. घर सुरक्षित आणि रण धोक्याचे, ही विभागणी तेव्हाच खोटी पडली होती.

ऑस्ट्रेलियात 1916 आणि 1917 मध्ये सक्तीच्या लष्करभरतीवर दोनदा सार्वमत झाले आणि दोन्ही वेळा लोकांनी ती नाकारली. तिथल्या बहुतेक बायकांना 1902 पासून मताचा हक्क होता, त्यामुळे मुलाला सक्तीने धाडावे की नाही, यावर आईला मत देता आले. इकडे जून 1918 मध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत टिळक भरतीबरोबर स्वराज्याचे बोलू लागले, तर गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना मध्येच थांबवले. जिथे टिळकांना बोलू दिले नाही, तिथे साताऱ्याच्या शिपायाच्या आईला कोण विचारणार होते?

तरी लष्कराने घरे फक्त मोडली, असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. छावणीतल्या शाळांमुळे महार शिपायांच्या घरांत अक्षर पोचले. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महारांची भरती बंद झाली. 1917 मध्ये माणसे कमी पडली तेव्हा 111 महार पलटण उभी राहिली आणि 1921 मध्ये मोडीत निघाली. कायमची महार रेजिमेंट उभी राहायला 1941 उजाडावे लागले. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी सैनिकांनाही हाच अनुभव आला. गणवेश उतरल्यावर गोऱ्या सोबत्यांना मिळालेल्या जमिनी आणि सवलती बहुतेकांना मिळाल्या नाहीत. तेव्हा ऑस्ट्रेलियाची स्मारके पाहून भारावून जाण्याचे कारण नाही. त्यांच्याकडून घ्यायची ती नोंदीची शिस्त.

दुसऱ्या महायुद्धात आपली नोंद काहीशी सुधारली. 10 जुलै 1944 रोजी इटलीत नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी मशिनगनच्या माऱ्यात सापडली. इतर सारे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले, हातबाँब टाकून त्यांनी गन बंद पाडली आणि एका गनरला गोळी घातली. मॅगझीन बदलायला सवड नव्हती, म्हणून उरलेल्या दोघांना त्यांनी बंदुकीच्या दस्त्याने मारले, आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते कोसळले. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावला त्यांचा पुतळा आहे. गौरवपत्रात त्या काही मिनिटांची हालचालन्‌हालचाल आहे. त्यानंतर घरी सुरू झालेल्या वर्षांसाठी असे पत्र कोणी लिहीत नाही.

मुंबईचेही तसेच. 1943 मध्ये शहरात रेशनिंग आले. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळ्याने भरलेले फोर्ट स्टिकिन हे जहाज फुटले आणि शेकडो माणसे मेली. त्यात गेलेल्या 66 अग्निशमन जवानांची आठवण म्हणून दरवर्षी अग्निशमन सप्ताह पाळला जातो, तो योग्यच आहे. रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांसाठी असा एक दिवसही नाही.

आज चित्र बदलले आहे का? थोडे. नोव्हेंबर 2015 मध्ये कुपवाड्यात कर्नल संतोष महाडिक शहीद झाले, आणि 2017 मध्ये त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. मुंबईच्या दहिसर उपनगराला खेटून असलेल्या मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे ऑगस्ट 2018 मध्ये गुरेझला धारातीर्थी पडले, आणि त्यांच्या पत्नी कनिका राणे यांनीही पुढे लष्कराचा गणवेश चढवला. या दोघींविषयी मला अपार आदर आहे. पण समाज म्हणून आपली नजर तपासायला हवी. गणवेश चढवल्यावरच बाई आपल्याला दिसणार असेल, तर पेन्शनच्या कागदासाठी कचेरीचे उंबरे झिजवणारी, मनीऑर्डरवर मुले शिकवणारी बाई अजूनही त्या जुन्या पाटीबाहेरच आहे.

दहिसरमध्ये राहून मी हे लिहितो त्याला कारण आहे. लालबाग-परळच्या चाळींतून, त्याआधी रत्नागिरी, सिंधुदुर्ग, साताऱ्यातून आलेली कितीतरी कुटुंबे इथे स्थिरावली. त्यांच्यातल्या अनेकांचे आजोबा-पणजोबा पलटणीत होते. इमारत पुनर्विकासाला निघाली की पोटमाळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते. आत डिस्चार्ज बुक असते, पेन्शनचा हुकूम असतो, पदकाची रिबन असते, कधी दोन-चार पोस्टकार्डे. नव्या फ्लॅटमध्ये पेटीला जागा नसते, आणि ती भंगारवाल्याकडे जाते. तिच्याबरोबर एका बाईच्या आयुष्याचा एकमेव लेखी पुरावाही जातो.

हे थांबवणे आपल्या हातात आहे. पंजाबातल्या जवळपास सव्वातीन लाख शिपायांच्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात धूळ खात पडल्या होत्या, आता त्या संगणकावर आल्या आणि वंशजांना आपली माणसे गावानिशी सापडू लागली. इथे शाळांनी, वाचनालयांनी आणि सोसायट्यांनी आपापल्या घरांतले कागद गोळा करून त्यांच्या प्रती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे आणि राज्य पुराभिलेखागाराकडे द्याव्यात. कागद देताना शिपायाच्या नावाखाली घर चालवणाऱ्या बाईचे नाव लिहावे, आणि ती कशी जगली हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून विचारून टिपून ठेवावे. सरकारने या नोंदी मराठीत, सर्वांना पाहता येतील अशा ठेवाव्यात. युद्धाची खरी किंमत कोणी आणि किती वर्षे भरली, हे ज्या समाजाला नावानिशी ठाऊक असते, तोच पुढच्या युद्धाविषयी जबाबदारीने बोलू शकतो.