नकाराचे ओझे

ज्याच्या हाती देण्याचा अधिकार असतो त्याच्या वाट्याला प्रत्यक्षात नाकारण्याचेच काम अधिक येते, हे सरकारी मेजामागे काही वर्षे काढलेल्या माणसाला निराळे सांगावयास नको. अर्ज शंभर, जागा दहा. आणि अर्जदारांपैकी बहुतेकांची मागणी रास्त. नव्वदांना नियमानुसार नकार दिला म्हणजे अधिकाऱ्याचे कर्तव्य संपते; पण नैतिक प्रश्नही तेथेच संपतो काय? न्याय्य नकाराचेही काही ऋण नकार देणाऱ्यावर उरते की नाही? लोकमान्यांनी ‘गीतारहस्या’तील ‘कर्मजिज्ञासा’ प्रकरणात हॅम्लेट आणि कोरायोलेनस यांना अर्जुनाच्या पंक्तीस आणून बसविले, ते दोन कर्तव्यांच्या झगड्याची उदाहरणे म्हणून. मला या झगड्याचे सर्वांत उघडे रूप दिसते ते एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेच्या आगगाडीत. तेथे धर्मसंकट टनांत आणि वाघिणींत मोजले गेले.

१८६१ साली यादवी युद्ध पेटले तेव्हा अमेरिकेत सुमारे तीस हजार मैल लोहमार्ग होते, आणि त्यांतील दोनतृतीयांशाहून अधिक उत्तरेकडे होते. दक्षिणेतील पुष्कळसे मार्ग गुलामांच्या श्रमाने बांधलेले होते. रेल्वे कंपन्या गुलाम वर्षाच्या कराराने भाड्याने घेत, प्रसंगी विकतही घेत. (त्या गुलामगिरीचा अंत करणाऱ्या अमेरिकनांना जोतीरावांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ अर्पण केले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच.) युद्धात आगगाडीचे मोल दोन्ही पक्षांनी लवकरच ओळखले. पण ती चालवावी कशी, हे कोणालाच ठाऊक नव्हते. प्रत्येक सेनापतीला ती आपल्या पागेतल्या घोड्यासारखी वाटे. भरून आलेल्या वाघिणी रिकाम्या करावयाच्या सोडून त्यांचीच कोठारे केली जात, आणि मग पुढच्या गाडीला वाघीण मिळत नसे.

हा गोंधळ मोडणारा मनुष्य हर्मन हाउप्ट. हा मूळचा रेल्वेचा इंजिनिअर. १८६२ च्या मे महिन्यात त्याने पोटोमॅक क्रीकवर जंगलातल्या ओबडधोबड लाकडांचा सुमारे चारशे फूट लांबीचा पूल उभारला. तो पाहून आलेल्या लिंकनने थट्टेने सांगितले की त्यात घेवड्याच्या वेलांच्या काठ्या आणि मक्याची ताटे यांखेरीज काही नाही, आणि तरी त्यावरून भरलेल्या गाड्या धावताहेत! परंतु माझ्या मते हाउप्टचे खरे काम त्या पुलाहून मोठे होते. सैनिकांचे अन्न पहिले, जनावरांचे वैरण दुसरे, दारूगोळा तिसरा, रुग्णालयांचे सामान चौथे, असा त्याने वाहतुकीचा अनुक्रमच ठरवून टाकला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्टर्जिस नावाच्या एका सेनापतीने आपली पलटण आधी नेण्यासाठी मार्ग अडविला, उलट हाउप्टलाच अटक करण्याची धमकी दिली. तेव्हा रेल्वेच्या कामात कोणाही सेनाधिकाऱ्याने हात घालू नये, असे वरून बजावण्यात आले. वशिल्याला आणि दरडावणीला नियमाने दिलेले हे उत्तर होते. त्या अनुक्रमात घोड्याचे गवत औषधांच्या आधी लागले आहे, हे वाचताना मन चरकते. पण वैरण चुकली तर रुळापासून छावणीपर्यंत औषधे नेणारी गाडीही जागची हलत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे हाउप्टशी वाद घालणे कठीण होते.

येथवर सारे सोपे आहे. आडदांड सेनापतीला नकार देताना कोणाचे अंतःकरण जड होत नाही. खरी कसोटी लागली ती दोन वर्षांनी, शर्मनच्या हाताखालील मार्गावर.

१८६४ च्या वसंतात पश्चिमेकडील सैन्यांचा अधिपती झालेला शर्मन अटलांटावर चालून जाण्याच्या तयारीत होता. सैन्य सुमारे एक लाख, जनावरे पस्तीस हजार. आणि या सर्वांना पोसणारी नाळ एकच, लुईव्हिलहून नॅशव्हिल व चॅटानूगाकडे येणारा एकेरी लोहमार्ग. अटलांटापर्यंत त्याची लांबी ४७३ मैल भरली. हिशेब करून शर्मनने ठरविले की रोज दहा टनांच्या १३० वाघिणी पुढे गेल्याच पाहिजेत. म्हणून एप्रिलमध्ये त्याने हुकूम काढला: या मार्गावर सैन्याच्या सामानाखेरीज काहीही जाणार नाही. पलटणींनी पायी चालावे, खाटकाची गुरे हाकत न्यावीत, नागरिकांसाठी गाडी बंद. धार्मिक पुस्तके घेऊन निघालेल्या सज्जनांनाही त्याने वाटेला लावले; आपल्या सैन्याला नीतीपेक्षा बिस्किटांची आणि ओटची गरज अधिक आहे, अशा आशयाचे त्याचे उत्तर प्रसिद्ध आहे.

या हुकुमाचा घाव पूर्व टेनेसीच्या डोंगराळ प्रदेशातील लोकांवर बसला. हे लोक कोण, ते सांगितले पाहिजे. टेनेसी राज्य फुटून दक्षिणेला मिळाले तेव्हा जून १८६१ मध्ये या भागाने मोठ्या बहुमताने फुटीविरुद्ध मत दिले होते. नोव्हेंबरात तेथील संघराज्यनिष्ठ लोकांनी एका रात्रीत रेल्वेचे नऊ पूल जाळण्याचा बेत केला, त्यांपैकी पाच जाळलेही. दक्षिणेचा युद्धमंत्री जूडा बेंजामिन याने पूल जाळणाऱ्यांना फाशी द्यावे आणि त्यांची प्रेते जळक्या पुलांजवळच लटकत ठेवावीत असे फर्माविले; काहींना खरोखरच फासावर चढविण्यात आले. ज्या सरकारसाठी त्यांनी हे सोसले त्याचे सैन्य १८६३ च्या सप्टेंबरात अखेर नॉक्सव्हिलला पोहोचले. मागाहून आलेल्या हिवाळ्यात दोन्ही सैन्यांनी मुलूख खाऊन रिता केला. आणि आता त्यांच्याच सरकारच्या आगगाडीत त्यांच्यासाठी धान्याच्या पोत्यालाही जागा नव्हती.

त्यांची गाऱ्हाणी लिंकनपर्यंत गेली. मे महिन्याच्या आरंभी लिंकनने शर्मनला तार केली. पण हुकूम केला नाही. मोहिमेत अडथळा न येता या पीडित लोकांसाठी काही करता आले तर करावे, एवढीच त्याने विनवणी केली. शर्मनचे उत्तर स्वच्छ होते. हा मार्ग सैन्य आणि जनता या दोघांना पोसू शकत नाही. एकाने हटले पाहिजे, आणि सैन्य तर हटणार नाही. ज्यांना बाहेर जावयाचे असेल त्यांना फुकट नेऊ. आत्यंतिक हालांत असलेल्यांना पलटणी आपल्या शिध्यातून देतील. बाकीच्यांच्या मित्रांनी केंटकीतून गुरे आणि गाड्या जमवून, रेल्वे होण्यापूर्वी येत तसे, कंबरलंडच्या खिंडीतून पायी यावे.

शर्मन चुकला काय? मला तसे म्हणवत नाही. १८७५ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात त्याने हिशेब मांडला आहे: त्या मोहिमेत १९६ दिवस रोज सरासरी १६० वाघिणींनी जे आणले ते खेचरांच्या गाड्यांनी आणावयाचे तर ३६,८०० गाड्या लागल्या असत्या. गाडीस सहा खेचरे धरली तर ही संख्या दोन लाखांवर जाते. एवढ्या गाड्या त्या रस्त्यांवर चालविणे अशक्यच होते. मोहीम फसती तर युद्ध लांबते, आणि गुलामांच्या बेड्याही तितक्याच लांबत्या. यातला एकही आकडा पूर्व टेनेसीच्या भुकेने खोटा ठरत नाही.

परंतु त्याच तारेत एक वाक्य असे आहे की तेथे मी थबकतो. हा आरडाओरडा काही अंशी ढोंगी आहे, परिणामासाठी केलेला आहे, असे शर्मन लिहितो. या वाक्याची गरज काय होती? मार्गाची शक्ती अपुरी आहे हे कारण पुरेसे होते. मागणारे खरोखर भुकेले असले तरी त्या कारणाला बाध येत नव्हता. मग त्यांची भूक खोटी ठरविण्याचे प्रयोजन एकच दिसते: नकार देणाऱ्याच्या मनावरील ओझे कमी करणे. मागणारा लबाड ठरला की त्याचे आपण काही लागत नाही. अर्जावर ‘नामंजूर’ लिहिल्यावर, अर्जदार तसा कांगावखोरच आहे, असा शेरा सहकाऱ्याजवळ मारण्याचा मोह ज्याला झाला नाही असा अधिकारी विरळा. मात्र शर्मनच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की त्याने तो नकार आपल्या नावाने दिला, राष्ट्राध्यक्षाला स्वतः उत्तर दिले, आणि पुढे पुस्तकात ते सारे उघड लिहून ठेवले.

शांततेच्या काळात आगगाडी वाढली तसा हा नकार राहिला, सही मात्र पुसट होत गेली. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी रेल्वे कंपन्यांनी साऱ्या देशाची घड्याळे आपल्या सोयीने बदलली. त्याला काँग्रेसच्या कायद्याचा आधार मिळाला तो १९१८ साली. वेळेचे ते एक असो. डबे जोडण्याची जुनी रीत मात्र जीवघेणी होती. चालत्या डब्यांच्या मध्ये उभे राहून कामगाराला हाताने खीळ घालावी लागे. बोटे नसलेला ब्रेकवाला हे नेहमीचे दृश्य होते. १८८९ साली संपलेल्या एका वर्षात सुमारे दोन हजार रेल्वे कामगार मेले आणि वीस हजार जखमी झाले, त्यांत या जोडणीचा वाटा मोठा होता. आपोआप जुळणाऱ्या जोडणीचे पेटंट जॅनीने १८७३ सालीच घेतले होते. ती सक्तीची करणारा कायदा झाला १८९३ साली. मधल्या वीस वर्षांत कामगाराने भरपाई मागितली तर न्यायालय म्हणे, धोका पत्करूनच तू नोकरी धरलीस. येथे लोखंडाची टंचाई नव्हती; खर्च करण्याची इच्छा नव्हती.

लुईझियाना राज्याने १८९० साली गोऱ्यांचे व काळ्यांचे डबे वेगळे करणारा कायदा केला. ७ जून १८९२ रोजी होमर प्लेसी हा गृहस्थ पहिल्या वर्गाचे तिकीट काढून न्यू ऑर्लीन्स येथे गोऱ्यांच्या डब्यात बसला. वर्णाने तो इतका उजळ होता की नुसते पाहून काही कळले नसते. कायद्याची परीक्षा घेण्यासाठी हा प्रसंग ठरवून घडविला होता, आणि वेगळ्या डब्यांचा खर्च नको म्हणून रेल्वे कंपनीही या परीक्षेला आतून अनुकूल होती. कंडक्टरने नियम सांगितला, प्लेसीने नकार दिला, अटक झाली. नियमाला अपवाद होता तो दुसऱ्या वर्णाचे मूल सांभाळणाऱ्या दाईचा. ती कडेवर मूल असेतोवर कोठेही बसू शके. जागेची अडचण हा प्रश्नच नव्हता, हे त्या एका अपवादाने सिद्ध होते.

१८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक अशा मतांनी तो कायदा वैध ठरविला. निकालात म्हटले की वेगळेपणात कमीपणा आहे असे काळ्या लोकांना वाटत असेल, तर तो अर्थ त्यांनी स्वतःच लावलेला आहे. दुःख मागणाऱ्याने रचलेले आहे, हे शर्मनच्या तारेतले वाक्य बत्तीस वर्षांनी न्यायासनावर येऊन बसले. आणि या वेळी त्याच्या पाठीशी लाख सैनिकांची भूक नव्हती.

विरुद्ध पडलेले एक मत न्यायमूर्ती हार्लन यांचे. हे केंटकीतल्या गुलाम बाळगणाऱ्या घराण्यातले, आणि आरंभी गुलामगिरी रद्द करणाऱ्या घटनादुरुस्तीचे विरोधकही. युद्धात ते संघराज्याच्या बाजूने कर्नल होते. लुईव्हिल-नॅशव्हिल मार्गाची नासधूस करीत फिरणाऱ्या मॉर्गनच्या घोडदळाला डिसेंबर १८६२ च्या अखेरीस रोलिंग फोर्क नदीवर त्यांनी गाठले होते. पुढे शर्मनच्या वाघिणी गेल्या त्या याच मार्गावरून.