ना हरकत नेमकी कोणाची?

महाराष्ट्रात दारू पिण्याला कायद्याने आजही मुळात मनाई आहे. वाचून हसू येईल, पण खरं आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा रद्द झालेला नाही, फक्त त्याच्या नावात 'मुंबई'च्या जागी 'महाराष्ट्र' आलं. त्याची रचना अशी: बंदी सगळ्यांना, आणि परवाना असेल त्याला सूट. बारच्या पाटीवर 'परमिट रूम' लिहिलेलं असतं ते यामुळेच. ती खोली परमिट असलेल्यांसाठी आहे. एका दिवसाचं परमिट ५ रुपये, वर्षाचं १००, आयुष्यभराचं १,०००. तुमच्या ओळखीतल्या पिणाऱ्यांपैकी कितीजणांच्या खिशात ते असतं, हे एकदा विचारून बघा.

गंमत म्हणजे १९६० साली मुंबई राज्याची वाटणी झाली तेव्हा हा कायदाही दोघांच्या वाट्याला आला. गुजरातने त्याच्यावर दारूबंदी चालवली, आपण त्याच्यावर बार चालवले. आमच्या कामात फायरवॉल लावताना हीच पद्धत असते: आधी सगळं बंद, मग हवं ते एकेक उघडायचं. कायदा एकच, दोन राज्यांनी दारं वेगवेगळी उघडली.

या कायद्याला आव्हान दिलं गेलं नाही असं नाही. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काही कलमं काढून टाकली, पण बंदी घालण्याचा राज्याचा अधिकार मान्य केला. राज्यघटनेचं कलम ४७ ही सरकारला दारूबंदीच्या दिशेने जायला सांगतं. आणि जून २०२५ मध्ये राज्य सरकारने विदेशी मद्यावरचं शुल्क उत्पादनखर्चाच्या ३ पटींवरून ४.५ पट केलं, तेव्हा इतर बदलांसह वर्षाला १४,००० कोटी रुपये जास्त मिळतील असा अंदाज सांगितला. म्हणजे कायदा म्हणतो पिऊ नका, आणि तिजोरी त्या पिण्याचा हिशेब आधीच मांडून ठेवते.

या दुटप्पीपणावर विनोद करणं सोपं आहे. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त खटकते. 'दारू चांगली की वाईट' याचं उत्तर कायद्याने १९४९ मध्येच देऊन टाकल्यामुळे परवाना देताना विचारण्यासारखं काही उरलं नाही. उरली फक्त कागदपत्रं. जागेचा नकाशा, भाडेकरार, खाण्याच्या जागेचा परवाना, पोलिसांचा अहवाल, शाळा आणि देवळापासूनचं अंतर, मग राज्य उत्पादन शुल्क विभागाची फी. या यादीत एक माणूस बराच काळ नव्हता: ज्याच्या दारात ते दुकान येणार, तो.

त्याला आत घेण्याचे दोन मोठे प्रयत्न झाले. २००८ च्या आदेशाने गावातल्या किंवा वॉर्डातल्या बायकांना मतदानाने दुकान बंद पाडण्याचा मार्ग मिळाला. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुसरा प्रयत्न मार्च २०२५ चा. गृहनिर्माण सोसायटीच्या जागेत नवीन बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीची ना हरकत लागेल, असं सरकारने विधानसभेत जाहीर केलं.

हा प्रश्न आमच्या दिंडोशीच्या सोसायटीतही आला आहे. तळमजल्याच्या एका गाळ्यात बिअर शॉपी काढायची आहे, आणि ठराव सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. सोसायटीच्या ग्रुपवर 'आपल्या संस्कृतीत बसत नाही' पासून 'भाडं कोण देतो ते बघा' पर्यंत सगळं लिहून झालं. मग एका काकांनी थेट विचारलं, "जे स्वतः पितात त्यांनी नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं?"

मी पितो. म्हणून प्रश्न मलाही होता.

माझ्या मते काकांचा मुद्दा चुकतो. पिणं आणि पिण्याचं दुकान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी शनिवारी घरात बिअर घेतली तर शेजाऱ्याचं काही जात नाही. दुकान आलं की त्याच्यासोबत फुटपाथवर गाड्या लागतात, गाळ्याच्या मागे उभ्याउभ्या बाटल्या संपतात, आणि क्लासवरून नऊ वाजता परतणारी मुलगी रस्ता बदलते. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ च्या 'ऑन लिबर्टी'मध्ये हाच फरक केला होता. लोकांना मोह होऊ नये म्हणून गुत्त्यांची संख्या कमी ठेवणं त्याला अजिबात मान्य नव्हतं. त्याच्या मते ते कामगारांना लहान मुलांसारखं वागवणं होतं. पण अशा जागांभोवती दंगा-गुन्हे होऊ शकतात म्हणून त्यांच्यावर परवान्याचं बंधन असावं, हे त्याने मानलं. म्हणजे परवान्याने विचारायचा प्रश्न 'पिणं पाप आहे का' हा नाही. 'या दुकानाचा त्रास कोणाला होणार आणि त्याला विचारलं का' हा आहे.

इथपर्यंत मला माझा नकार अगदी स्वच्छ वाटत होता. पण आमच्या सोसायटीने नाही म्हटलं की तो अर्ज कुठे जातो?

दिंडोशीचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. हायवेला लागून टॉवर आणि मॉल. त्यांच्या मागे कुरार, आप्पा पाडा, नॅशनल पार्कच्या उतारापर्यंत गेलेल्या वस्त्या. तिथल्या बऱ्याच घरांना नोंदणीकृत सोसायटीच नाही, म्हणजे ना हरकत नाकारायला कोणी नाही. आम्हाला दुकान येण्याआधी एका सभेत ते अडवता येतं. गल्लीतल्या बायकांना मात्र आधी ते सोसावं लागतं, मग २००८ च्या आदेशाप्रमाणे २५ टक्के मतदारांच्या सह्या जमवायच्या, त्या तपासून घ्यायच्या, मग गुप्त मतदान, आणि त्यात नोंदलेल्या मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडायला हवीत. जी बाई त्या दिवशी धुणीभांड्याची कामं सोडून येऊ शकली नाही, तिचं न आलेलं मत उभ्या बाटलीच्याच कामी येतं. एकाच वॉर्डात नकाराचे दोन दर आहेत.

कोणी म्हणेल, मग कुठेच परवाना देऊ नका. तोही उपाय करून झाला आहे. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी होती. मे २०२१ मध्ये सरकारने ती उठवली, आणि कारणांत अवैध दारू आणि वाढलेली गुन्हेगारी होती. आमच्या जवळचं उदाहरण याहून भयंकर आहे. जून २०१५ मध्ये रेल्वेच्या पलीकडे, मालाड पश्चिमेच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेली गावठी पिऊन शंभरावर माणसं गेली. ती माणसं मोहाला बळी पडली असं म्हणणं सोपं आहे. ती स्वस्त मिळेल ते प्यायली. बाटलीत काय आहे याची निदान खात्री देणं हे परवान्याचं सगळ्यात साधं काम, आणि ते त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

म्हणजे परवाना देण्याला किंमत आहे, तशी नाकारण्यालाही आहे. फक्त ती नाकारणारा भरत नाही.

म्हणून मी स्वतःपुरती एक कसोटी ठरवली आहे. माझ्या नकाराचं कारण असं हवं की तेच कारण आप्पा पाड्यातल्या बाईने दिलं तर मला मान्य करावं लागेल. 'संस्कृती' या कसोटीवर टिकत नाही, कारण त्या शब्दाचा खरा अर्थ 'आमच्यासारख्यांच्या इमारतीत नको' असा निघतो. 'फ्लॅटचे भाव पडतील' हेही टिकत नाही. ज्याला फ्लॅट नाही त्याचं काय पडणार? पण अरुंद फुटपाथ, रात्रीची गर्दी, मुलांचा जायचा-यायचा रस्ता ही कारणं टिकतात. ती मोजता येतात, तपासता येतात, आणि दुकानदाराला त्यावर उत्तरही देता येतं: वेळ कमी करतो, सीसीटीव्ही लावतो, मागच्या बाजूला माणूस ठेवतो.

सभेत माझं मत नकाराचं असेल. आमचा फुटपाथ चार फुटांचा आहे आणि त्यावर शाळेच्या बसचा थांबा आहे. पण ठरावात हेच कारण लिहा, संस्कृती लिहू नका, असा आग्रह मी धरणार आहे. वरून एक ओळ जोडा असंही सुचवणार आहे: हा अर्ज वॉर्डात दुसरीकडे गेला तर तिथल्या रहिवाशांनाही, सोसायटी असो वा नसो, परवाना देण्याआधी विचारलं जावं. ठराव पास झालाच तर ती ओळ राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या फाईलमध्ये जाईल. तिथे तिचं काही होईल अशी खात्री देता येत नाही.

तरी ती लिहायला हवी. आपल्या दारातून एखादी गोष्ट घालवण्याचा हक्क मिळणं चांगलंच आहे. पण तो हक्क शेजारच्या गल्लीला नसेल, तर आपण दुकान अडवलेलं नसतं, फक्त त्यांच्या दारात ढकललेलं असतं.