जुन्या बॅटरीचं काय?

छतावरच्या सोलरला लिथियमची नवी बॅटरी जोडायची ठरली, तेव्हा जुनी लेड-अ‍ॅसिड बॅटरी दोन पंखे आणि चार दिवे तीनेक तास चालवत होती. निकामी झाली नव्हती, मलाच नवी हवी होती. दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालायचा कंटाळा, हेही त्यामागचं एक कारण.

भंगारवाला दुकानातल्या एक्स्चेंजपेक्षा 800 रुपये जास्त देत होता. त्या पन्नासेक किलोंमध्ये निम्म्याहून अधिक शिसं. 2022च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर आहे. तरी बरंचसं शिसं कुठेतरी उघड्या भट्टीत वितळतं आणि आसपासच्या पोरांच्या रक्तात उतरतं. रक्तातल्या शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नाही.

माझी वीज स्वच्छ, असं मी लोकांना सांगत आलो होतो. वस्तू विकली की तिच्यावरचा हक्क संपतो, हे कळतं. पण तिचं ओझंही संपतं का? कायदा उत्पादकाकडे बोट दाखवतो, मी भंगारवाल्याकडे. तो तर बिचारा पोटासाठी गल्लोगल्ली हिंडतो.

शेवटी 800 रुपये सोडले, बॅटरी दुकानात दिली. पावती मिळाली. बॅटरी पुढे कुठे जाणार, ते पावतीवर नव्हतं. मीही विचारलं नाही.